प्रगत विद्युत-चुंबकत्वासाठी शिकवणी लावताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर भौतिकशास्त्राचा प्रगत अभ्यासक्रम घेतलेल्या एका विद्यार्थिनीला यांत्रिकीमध्ये उत्तम गुण मिळत होते, परंतु विद्युत आणि चुंबकत्वाचा भाग सुरू झाल्यापासून ती सतत अडखळते आहे. या भागात कॅल्क्युलसचा सर्रास वापर आहे, शाळेतील तास अपुरे पडतात आणि पालकांना विषयाची फारशी माहिती नाही. अशा वेळी शिकवणीसाठी शिक्षक कोठे शोधावेत, त्यांची पारख कशी करावी आणि शिकवणी किती तास ठेवावी, असे पालकांनी विचारले आहे. हाच विषय मी बरीच वर्षे शिकवत आलो असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

शोधाला लागण्यापूर्वी एक काम घरीच करून घ्यावे. अलीकडच्या दोन-तीन चाचण्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका समोर ठेवाव्यात आणि जेथे गुण गेले आहेत अशा प्रत्येक प्रश्नापुढे मुलीलाच लिहायला सांगावे की ती नेमकी कोठे थांबली: आकृती काढता आली नाही, समीकरण मांडता आले नाही, मांडले पण सोडवता आले नाही, की सगळे जमून शेवटी दिशा किंवा चिन्ह चुकले. यासाठी पालकांना भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही. ‘हा भाग कच्चा आहे’ या एका तक्रारीमागे निरनिराळ्या अडचणी असू शकतात आणि प्रत्येकीला लागणारे शिक्षक वेगळे असतात, म्हणून हा तासाभराचा खटाटोप पुढचे कित्येक आठवडे वाचवतो.

सर्वांत जास्त गल्लत गणिताच्या बाबतीत होते. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एका सरळ कांडीवर विद्युतप्रभार सारखा पसरलेला आहे आणि कांडीच्याच रेषेत, तिच्या टोकापासून काही अंतरावर असलेल्या बिंदूपाशी विद्युत क्षेत्र किती आहे ते काढायचे आहे. ज्या विद्यार्थ्याला गणिताच्या तासाला इंटिग्रेशन (सूक्ष्म तुकड्यांची बेरीज करण्याची रीत) झरझर येते, तोही येथे अडतो, कारण कांडीचा एक सूक्ष्म तुकडा निवडायचा, त्या तुकड्यावरील प्रभार लांबीच्या भाषेत लिहायचा, तुकड्यापासून बिंदूपर्यंतचे अंतर ठरवायचे आणि मग बेरजेच्या सीमा लिहायच्या, हे त्याला कोणी हाताला धरून शिकवलेले नसते. शेवटचे इंटिग्रेशन दोन ओळींचे असते. खरे काम त्याच्या आधी संपलेले असते. अशा विद्यार्थ्याला गणिताची वेगळी शिकवणी लावून काहीही साधत नाही. उलट ज्याला ते दोन ओळींचे इंटिग्रेशनच सुटत नाही, त्याला भौतिकशास्त्राच्या उत्तम शिक्षकाकडे पाठवूनही तास गणितातच जातो. त्याने आधी गणिताच्या शिक्षकांना भेटून महिनाभर तेवढेच पक्के करावे, म्हणजे कदाचित दुसरी शिकवणी लागणारही नाही.

दुसरी अडचण क्षेत्राच्या कल्पनेची असते, आणि यांत्रिकीत हुशार ठरलेल्या मुलांना तीच अधिक छळते. घसरगुंडीवरचा ठोकळा डोळ्यांना दिसतो, त्याच्यावरील बले बाणांनी दाखवता येतात. येथे मात्र जेथे काहीच ठेवलेले नाही अशा रिकाम्या बिंदूपाशी ‘क्षेत्र आहे’ असे म्हणायचे असते, ते तिन्ही मितींत कल्पावे लागते, आणि त्यातच विभव (एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा) ही दिशा नसलेली दुसरी राशी जोडीला येते. एक बिंदू क्षेत्र शून्य असूनही विभव शून्य नसलेला, दुसरा विभव शून्य असूनही क्षेत्र असलेला, हे पहिल्यांदा ऐकताना भलेभले गोंधळतात. खरे तर दोन समान धन प्रभारांचा मध्यबिंदू आणि एका धन व एका तेवढ्याच ऋण प्रभाराचा मध्यबिंदू, अशी दोन चित्रे शेजारी शेजारी काढली की हा गुंता पाच मिनिटांत सुटतो. पण ती चित्रे काढायला लावणारे कोणी तरी लागते. मायकेल फॅराडे यांचे गणिताचे औपचारिक शिक्षण फारसे झालेले नव्हते, तरी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतधारा निर्माण होण्याचा, शोध लावणारा हा माणूस बलरेषांच्या चित्रांतूनच विचार करीत असे. शिक्षक निवडताना मला त्यांच्या पदवीपेक्षा ते किती चित्रे काढतात आणि काढायला लावतात याचे महत्त्व अधिक वाटते, ते यासाठीच.

विद्युत परिपथांमधील अडचण तुलनेने सोपी असते आणि सरावाने जाते. चिन्हांच्या आणि दिशांच्या चुकांविषयी पुढे लिहितो.

आता शिक्षक कोठे मिळतील. पहिली चौकशी शाळेतील विषयशिक्षकांकडेच करावी, आणि संकोच न करता करावी. ते स्वतः शिकवणी घेत नसले, किंवा नियमांमुळे घेऊ शकत नसले, तरी वर्गात मुलगी कोठे हरवते हे त्यांनी पाहिलेले असते, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना कोणाचा उपयोग झाला हेही त्यांना ठाऊक असते. त्यानंतर जवळच्या विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील भौतिकशास्त्र विभागाकडे विचारावे; पदव्युत्तर किंवा संशोधन करणारे विद्यार्थी शिकवण्या घेतात आणि विभागाचे कार्यालय किंवा सूचनाफलक यांच्यामार्फत त्यांच्याशी संपर्क होऊ शकतो. निवृत्त शिक्षक हा तिसरा आणि बऱ्याचदा विसरला जाणारा पर्याय. ऑनलाइन शिकवणी मिळवून देणारी संकेतस्थळे शेवटी पाहावीत. तेथे चांगले शिक्षक नसतात असे नव्हे, पण तेथील तारांकित अभिप्राय बहुधा शिक्षक किती प्रेमळ आहेत एवढेच सांगतात. गाऊसचा नियम (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारे एकूण विद्युत क्षेत्र फक्त आतील प्रभारावर ठरते, हा नियम) त्यांनी कसा शिकवला, हे त्यांतून कळत नाही.

पात्रतेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भौतिकशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी असावी, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. विद्युत अभियंते परिपथ डोळे मिटून सोडवतात. मात्र त्यांच्यापैकी कित्येकांचा बायो-सव्हार नियमाशी (विद्युतधारेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र काढण्याच्या नियमाशी) किंवा विद्युत क्षेत्राच्या मूळ मांडणीशी पदवीनंतर संबंध आलेला नसतो. संशोधक विद्यार्थ्यांचे ज्ञान ताजे असते, पण गाऊसचा नियम समजावताना ते सहज डायव्हर्जन्सच्या, म्हणजे क्षेत्र एकेका बिंदूपासून किती बाहेर पसरते हे मोजणाऱ्या प्रगत गणिताच्या, भाषेत शिरतात, जी या स्तरावर बहुधा लागत नाही. एक-दोन वर्षांपूर्वी हाच अभ्यासक्रम उत्तम गुणांनी पूर्ण केलेला विद्यार्थी सरावापुरता फार उपयोगी पडतो. संकल्पनाच मोडकी असेल तर मात्र त्याच्यावर सगळा भार टाकू नये. या विषयात ‘उत्तर बरोबर येणे’ आणि ‘का बरोबर आले हे माहीत असणे’ यांत बरेच अंतर असते, आणि ते ओळखायला शिकवण्याचा अनुभव लागतो.

कोणालाही ठरवण्यापूर्वी एक चाचणी तास घ्यावा आणि त्या तासाचे योग्य मानधन द्यावे. फुकटचा तास हा बहुधा जाहिरातीचा तास होतो. त्या तासाला मुलीने खालीलपैकी एखादा प्रश्न विचारावा आणि आपले चुकीचे वाटणारे उत्तरही प्रामाणिकपणे सांगावे. पुढे काय घडते ते पाहण्यासाठीच हा तास असतो.

गाऊसच्या नियमावरचा प्रश्न असा: एका बंद पृष्ठभागाच्या आत प्रभार नाही, बाहेर मात्र एक प्रभार ठेवलेला आहे, तर पृष्ठभागावर विद्युत क्षेत्र शून्य असेल का? बहुतेक विद्यार्थी ‘हो’ म्हणतात, कारण नियमात फक्त आतील प्रभार दिसतो. सामान्य शिक्षक ‘नाही, फक्त एकूण फ्लक्स शून्य’ (फ्लक्स म्हणजे पृष्ठभागातून आरपार जाणाऱ्या क्षेत्राचे माप) असे सांगून पुढे जातात. चांगले शिक्षक कागदावर एक प्रभार आणि शेजारी एक डबा काढायला लावतात, प्रभारापासून निघणाऱ्या रेषा ओढायला सांगतात आणि विचारतात, ‘आत शिरणाऱ्या रेषा किती, बाहेर पडणाऱ्या किती?’ मुलगी मोजते, दोन्ही सारख्याच आहेत हे तिला दिसते, आणि पृष्ठभागावर जागोजागी रेषा असूनही बेरीज शून्य कशी हे तिला स्वतःला उमगते. त्यानंतर ते एक पायरी पुढे जातील: मग गाऊसच्या नियमातून क्षेत्र काढता येते ते केव्हा? गोल, लांब दंडगोल, विस्तीर्ण पातळ पत्रा अशी सममिती असेल तेव्हाच. नियम मात्र सर्वत्र खरा असतो. हा भेद ज्यांनी न विचारता पुढे आणला, त्या शिक्षकांना विषय आतून ठाऊक आहे असे खुशाल समजावे.

दुसरा प्रश्न कपॅसिटरचा, म्हणजे प्रभार साठवणाऱ्या घटकाचा, आणि मला स्वतःला तो सर्वांत आवडतो. समांतर पट्ट्यांचा कपॅसिटर बॅटरीने प्रभारित केला, बॅटरी काढून टाकली आणि मग पट्ट्यांमधील अंतर दुप्पट केले. साठलेल्या ऊर्जेचे काय होईल? प्रभाराला जायला वाट नाही, म्हणून तो तेवढाच राहतो; धारकता (दर व्होल्टमागे साठणारा प्रभार) निम्मी होते, विभवांतर दुप्पट होते आणि ऊर्जा दुप्पट होते. जास्तीची ऊर्जा आली कोठून, तर एकमेकींना ओढणाऱ्या पट्ट्या दूर करताना हाताने केलेल्या कार्यातून. आता बॅटरी जोडलेली ठेवून हीच कृती केली तर विभवांतर तेच राहते, प्रभार निम्मा होतो आणि कपॅसिटरमधील ऊर्जाही निम्मी होते. हाताने तर येथेही कार्य केले, मग ऊर्जा कमी कशी झाली? उरलेला अर्धा प्रभार बॅटरीत परत ढकलला गेला. हाताने केलेले कार्य आणि कपॅसिटरने गमावलेली ऊर्जा या दोन्ही बॅटरीकडे गेल्या, आणि हिशेब मांडला तर या दोन्ही राशी एकमेकींइतक्याच निघतात. हा हिशेब विद्यार्थिनीच्या हातून पूर्ण करून घेणारे शिक्षक आणि ‘सूत्रात अंतर छेदात आहे, म्हणून कमी होते’ एवढे सांगून थांबणारे शिक्षक, यांच्यातला फरक भौतिकशास्त्र न येणाऱ्या पालकालाही शेजारी बसून कळतो.

तिसरा प्रश्न लेंझच्या नियमाचा. ‘प्रवर्तित विद्युतधारा चुंबकीय क्षेत्राला विरोध करते’ असे मुलीने म्हणावे आणि शिक्षक ते तसेच जाऊ देतात का ते पाहावे. विरोध क्षेत्राला नसून फ्लक्समधील बदलाला असतो. वेटोळ्यातून जाणारे क्षेत्र कमी होत असेल तर प्रवर्तित धारा त्याच दिशेचे क्षेत्र निर्माण करून त्याला हातभार लावते. हे एक वाक्य ढिले राहिले तर परीक्षेतील अशा जवळपास निम्म्या प्रश्नांत दिशा उलटी येते, आणि विद्यार्थ्याला वाटत राहते की आपण निष्काळजी आहोत.

या सगळ्यात पालकांनी लक्ष ठेवायची गोष्ट एकच: पेन कोणाच्या हातात आहे. तासभर शिक्षकच सोडवत असतील आणि मुलगी ‘हं, हं’ म्हणत मान डोलावत असेल, तर समजावणे कितीही रसाळ असले तरी घरी गेल्यावर तिला तेच उदाहरण सुटणार नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ गप्प राहू शकतात हेही पाहावे. या विषयात आकृती मनात उभी राहायला वेळ लागतो आणि तो वेळ न देणारे शिक्षक नकळत उत्तर हिसकावून घेतात.

आणखी एक खूण सांगतो. उत्तर आल्यावर चांगले शिक्षक ते पडताळायला लावतात. वर सांगितलेल्या कांडीच्या उदाहरणात उत्तर असे येते की छेदात एका अंतराचा वर्ग नसून बिंदूपासून जवळच्या टोकाचे अंतर आणि लांबच्या टोकाचे अंतर यांचा गुणाकार असतो. मग प्रश्न यायला हवा: बिंदू खूप दूर नेला तर? दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी होतात, गुणाकाराचा वर्ग होतो आणि एका बिंदूवरील प्रभारासाठीचा कुलोमचा नियम, ज्यात क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, परत मिळतो. ही सवय लागलेला विद्यार्थी परीक्षेत आपली चूक आपणच पकडतो. आकड्यांचेही तसेच आहे. ५ अँपिअर विद्युतधारा वाहणाऱ्या लांब सरळ तारेपासून २ सेंटिमीटरवर चुंबकीय क्षेत्र ५० मायक्रोटेस्ला येते, म्हणजे साधारण पृथ्वीच्या क्षेत्राइतके. हे एकदा ठाऊक झाले की अशाच उदाहरणात ५० टेस्ला असे उत्तर आल्यावर मुलीचा हात आपोआप थबकतो. एकके पुसटपणे लिहून पुढे सरकणारे शिक्षक ही सवय लावू शकत नाहीत.

समोरासमोरची शिकवणी की ऑनलाइन, याला मी फारसे महत्त्व देत नाही, फक्त दोन्ही बाजूंना हाताने लिहिता येईल अशी सोय असावी. शिक्षकांचा फलक दिसतो पण मुलीची वही दिसत नाही, अशी ऑनलाइन शिकवणी या विषयात व्यर्थ आहे. उजव्या हाताचा नियम पडद्यावर शिकवताना एक मजेशीर घोटाळा होतो. व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचे चित्र बहुधा आरशासारखे उलटे दिसते, त्यामुळे विद्यार्थी स्वतःच्या चित्राकडे पाहून बोटे वळवतो आणि दिशा चुकवतो. पडद्याकडे न पाहता स्वतःच्या हाताकडे पाहायला सांगावे लागते. दुसरा घोटाळा परीक्षेतला: उजव्या हाताने लिहिणारी मुले पेन खाली न ठेवता डाव्या हाताने नियम लावतात, आणि उत्तर बरोबर उलट्या दिशेने येते. ज्या शिक्षकांनी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे, ते पहिल्याच दिवशी ‘पेन खाली ठेव’ म्हणतात. अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत, तास घरी असो वा पडद्यावर, तो घरातील मोकळ्या जागेत व्हावा आणि मोठे कोणी घरात असावे, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. जबाबदार शिक्षक स्वतःच तसे सुचवतात.

वेळेविषयी: आठवड्यातून एकदा दीड तास, आणि दोन तासिकांच्या मध्ये मुलीने स्वतः सोडवलेली निवडक उदाहरणे, एवढे बहुतेकांना पुरते. आठवड्यातून चार-चार दिवस शिकवणी ठेवली तर स्वतः झगडायला वेळच उरत नाही, आणि हा विषय झगडल्याशिवाय येत नाही. शिक्षकांनी शाळेचा गृहपाठ सोडवून देऊ नये, हेही पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे. परीक्षा अगदी दोन-तीन आठवड्यांवर आली असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा संकल्पनांची डागडुजी फार करता येत नाही, म्हणून परिपथ, गाऊसचा नियम आणि प्रवर्तन या तीन भागांवरील जुने प्रश्न वेळ लावून सोडवून घ्यावेत आणि बाकीचे मनाला लावून घेऊ नये.

शक्य असेल तर शिक्षकांना एखादा छोटा प्रयोग करून दाखवायची विनंती करावी. ४७ किलोओहमचा रोध, १००० मायक्रोफॅरडचा, किमान १६ व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर आणि घड्याळ एवढे पुरते. रोध आणि कपॅसिटर बॅटरीला एकसर जोडले की कालस्थिरांक ४७ सेकंद येतो, म्हणजे तेवढ्या वेळात कपॅसिटरवरील विभवांतर अंतिम मूल्याच्या ६३ टक्के, सुमारे ५.७ व्होल्ट व्हायला हवे. दर १० सेकंदांनी वाचन घेऊन आलेख काढला की घातांकी वक्र पुस्तकातून उठून मल्टिमीटरच्या पडद्यावर येतो. प्रत्यक्ष वेळ थोडी वेगळी निघते, कारण अशा कपॅसिटरची खरी धारकता छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते. त्या फरकावर होणारी चर्चा मला प्रयोगाइतकीच मोलाची वाटते. कपॅसिटरची धन-ऋण टोके मात्र नीट पाहून जोडावीत, कारण या प्रकारचा कपॅसिटर उलटा जोडणे धोक्याचे असते.

शिकवणी लागू पडते आहे की नाही हे कळायला पाच-सहा तासिका द्याव्यात. गुण लगेच वाढतीलच असे नाही, पण चुकांचे स्वरूप बदलायला हवे: पूर्वी कोरी राहणारी जागा आता आकृतीने आणि अर्ध्या मांडणीने भरलेली दिसेल, पूर्वी ‘कळले नाही’ म्हणणारी मुलगी आता ‘इथपर्यंत कळले, पण सीमा कोणत्या घ्यायच्या ते कळले नाही’ असे म्हणेल. असे काहीच दिसत नसेल आणि ‘हे पाठच करून टाक’ हे वाक्य वारंवार ऐकू येत असेल, तर शिक्षकांचे आभार मानून दुसरे शोधावेत. त्यात कोणाचा अपमान नाही. उत्तम शिक्षक आणि उत्तम विद्यार्थी यांचेही सूर जुळत नाहीत, असे मी पाहिले आहे.

पहिल्या तासापूर्वी शिक्षकांकडे अभ्यासक्रमाची प्रत, शाळेत आतापर्यंत कोठवर झाले आहे त्याची नोंद, परीक्षेत मिळणाऱ्या सूत्रांचा तक्ता असल्यास तो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या त्या उत्तरपत्रिका मुलीच्या शेऱ्यांसह पाठवाव्यात. त्या वाचून न येता ‘पहिल्या प्रकरणापासून सुरू करू’ म्हणणाऱ्या शिक्षकांना कारण विचारावे. पटण्यासारखे कारण असेल, तर ते त्यांना लगेच सांगता येईल.